कोयता तिथं नव्हता

मगदूम अण्णांनी कुणाला हसायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते कॅमेऱ्यामागून म्हणायचे, "हिकडं बगा. काय करू नका." बस्स. मग माणूस काहीच न करता बसायला बघायचा, ते त्याला जमायचं नाही, ताणलेला खांदा खाली यायचा, आणि तेवढ्यात अण्णा बटण दाबून मोकळे झालेले असायचे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या बोळात त्यांचा स्टुडिओ आणि माझं औषधाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळं ते वाक्य दिवसभर माझ्या कानावर पडायचं. मी कुणाला तापाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत असले आणि पलीकडून "काय करू नका" आलं, की माझं मलाच हसू यायचं.

उंच, पाठीत वाकलेले, उन्हाळा असो की हिवाळा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. बोलणं कमी आणि जे असेल ते तोंडावर. घर जैनांचं, गाव शिरोळकडचं. सूर्य मावळायच्या आत जेवायचे. हिवाळ्यात दुपार कलली की अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, डबा घेऊन स्टुडिओत यायच्या, आणि समोर नवरा-नवरी फोटोला तयार होऊन उभे असले तरी अण्णा आधी जेवून घ्यायचे. "तुमचं लगीन उद्या बी ऱ्हाईल, माजा सूर्य ऱ्हायाचा न्हाई," असं एकदा एका नवरदेवाला त्यांनी सांगितलेलं मी ऐकलंय.

स्थळाला पाठवायचे फोटो काढायला आया मुलींना घेऊन यायच्या. हळूच म्हणायच्या, जरा उजळ करा की. अण्णा करायचे नाहीत. मोबाइल आले, चेहरा गोरा करणं बोटावर आलं, बोळाच्या तोंडाशी दुसरा चकचकीत स्टुडिओ उघडला आणि आया तिकडं वळल्या. मी एकदा म्हटलंही, अण्णा, थोडं केलंत तर काय बिघडतं? ते म्हणाले, "पोरगी हाय तशी हाय. सासरी गेल्यावर काय मी संगं जाऊन लाईट धरू?"

आणखी एक काम ते करायचे, त्याच्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. पोलिसांना पंचनाम्याला फोटो लागायचे. अपघात, गळफास, विहिरीत सापडलेलं कुणी. निरोप आला की अण्णा पिशवी खांद्याला लावून जायचे. परत आले की मागच्या मोरीत डोक्यावरून पाणी घ्यायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. अक्का डबा तसाच परत न्यायच्या. मी विचारायची नाही. डबा परत चाललेला दिसला की समजायचं, आज तसलं काहीतरी होतं.

असाच एकदा पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका गावाहून निरोप आला. रानातल्या वस्तीवर म्हातारा, म्हातारी आणि त्यांची चिमुरडी नात, तिघांना कुणीतरी कोयत्यानं मारलं होतं. मुलगा जयसिंग आणि सून त्या दिवशी पाहुण्यांकडं गेले होते, म्हणून वाचले. दोन दिवस सगळं कोल्हापूर त्याच गोष्टीवर बोलत होतं. अण्णा आले, अंघोळ केली, आणि त्या वेळी डबा एकदाच नाही, तीन-चार दिवस परत गेला.

संशय तानाजीवर आला. तानाजी वस्त्या-वस्त्यांवरून टेम्पोनं दूध गोळा करायचा. म्हाताऱ्यानं थोडेच दिवस आधी चार माणसांत त्याला दुधात पाणी घालतो म्हणून झाडला होता. त्या सकाळी त्याचा टेम्पो वस्तीवर लोकांनी बघितला होता. त्याच्या अंगावर रक्त होतं, आणि किटल्या तिथंच गोठ्याच्या दारात टाकून तो पळाला होता. तो म्हणायचा, मी दूध घ्यायला गेलो, पोर पडलेली दिसली, जिवंत असंल म्हणून उचलली, आणि मग भ्यालो. पळालो. हे त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं आणि पुढं इतकी वर्षं तेच सांगत राहिला. त्यात एक शब्द बदलला नाही. सरकारी वकील म्हणाले, पाठ केलंय म्हणून बदलत नाही.

खटला उभा राहीपर्यंत काही वर्षं गेली. अण्णांनाही साक्षीला बोलावलं. फोटो तुम्हीच काढले का? व्हय. त्यात काही फेरफार केलाय का? न्हाई. एवढंच. आरोपीच्या वकिलानं काही विचारलं नाही. अण्णा दुपारच्या आत दुकानात परत आले आणि कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत बसले.

निकाल लागला, तानाजीला फाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुकतंच शटर वर केलं होतं. अण्णा हातात पेपर घेऊन आले आणि माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची पेशंटसाठी होती. इतक्या वर्षांत अण्णा तिच्यावर कधी बसले नव्हते. मला वाटलं चक्कर आली. मी बीपीचं मशीन काढायला वळले तर म्हणाले, "ते नगं. हे वाचा."

बातमीत निकालातली कारणं दिली होती. त्यातलं एक असं होतं की खुनाचा कोयता आरोपीच्या दुधाच्या किटल्यांना लागून गोठ्याच्या उंबऱ्यावर मिळाला, आणि जागेवरच्या छायाचित्रात तो तसा स्पष्ट दिसतो.

"ह्यो कोयता तितं नव्हता, शैलाताई," अण्णा म्हणाले. "आत हुता. गव्हाणीखाली, वैरणीत. आत अंधार. फ्लॅश मारला की पात्यावर नुसता पांढरा डाग यायचा. मी म्हटलं, जरा उजेडात घ्या की. कुणीतरी फडक्यात धरून दारात आणला आन् ठेवला. तितं किटल्या हुत्या. मी फोटो काढला आन् आलो."

मी म्हटलं, मग कोर्टात का नाही सांगितलंत?

"कुणी इचारलंच न्हाई. आन् मी बी इसरलो हुतो. फोटो माजाच हुता, चांगला आलता. मी व्हय म्हटलं."

ज्या माणसानं कधी एखाद्या मुलीचा गाल उजळ केला नाही, त्याच्या हातून हे झालं होतं. मी त्यांना ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं की सकाळपासून ते स्वतःला तेच सांगत बसलेत.

त्यानंतरची वर्षं मला एका लांबलेल्या आजारपणासारखी आठवतात. अण्णा आधी ओळखीच्या एका वकिलाकडं गेले. त्यानं सांगितलं, गप्प बसा, आता तोंड उघडलंत तर खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच येईल. दुसऱ्याकडं गेले, त्यानं चहा पाजला आणि हेच सांगितलं. ज्या पोलीस ठाण्यातून निरोप यायचे तिथंही ते आपणहून जाऊन सांगून आले. तिथं त्या वेळचं कुणी उरलं नव्हतं, आणि जे होते त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर पंचनाम्याचं बोलावणं परत कधी आलं नाही.

शेवटी वरच्या कोर्टात तानाजीची बाजू बघणाऱ्या मुंबईच्या एका वकीलबाईंपर्यंत ते पोचले. बाई तरुण होत्या, फार दमलेल्या दिसायच्या. त्यांनी अण्णांचं सगळं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर घेतलं. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, यामुळं तुम्हाला त्रास होऊ शकतो हे कळतंय ना? अण्णा म्हणाले, कळतंय, पेन द्या.

पेपरात ते छापून आलं. आणि मग एका दुपारी जयसिंग स्टुडिओत आला.

मी भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकला आणि धास्तावून दारापर्यंत गेले. पण तो भांडायला आलाच नव्हता. तो स्टुडिओच्या मधोमध उभा होता, आणि ज्या स्टुलावर सगळे बसायचे त्याच्याकडं बघत होता.

"अण्णा, माजी पोर ह्याच स्टुलावर बसलेली," तो म्हणाला. "पयल्या वाढदिवसाला."

"व्हय," अण्णा म्हणाले. "रडत हुती. तुमच्या आईनं खुळखुळा वाजिवला तवा गप झाली."

"तिचा तेवढाच फोटो हाय आमच्याकडं."

जयसिंगनं स्टुलावर हात ठेवला.

"आन् तुमी त्येला सोडवाय निघालाय."

"मी कुणाला सोडवत न्हाई, जयसिंगराव. त्येनं केलं का न्हाई, मला ठावं न्हाई. कोयता तितं नव्हता, तेवढं ठावं हाय. तेवढंच मी सांगतोय."

"मग केलं कुनी?"

"ठावं न्हाई."

जयसिंग खाली बसला, फरशीवरच. मी आतून पाणी आणून दिलं. ते सगळं पिऊन त्यानं भांडं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्येला फाशी झाली त्या दिशी मला पयल्यांदा झोप लागली. आता ती बी काढून घेतली ह्यांनी."

तो गेला. मग अण्णांनी स्टूल उचलून कोपऱ्यात भिंतीकडं ठेवलं. पुढं कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचे.

जयसिंगवर ते कधी चिडले नाहीत. त्याचं नाव निघालं की एवढंच म्हणायचे, तो बरोबर बोलला. मला वाटायचं, बरोबर बोलला तर तुम्ही चूक का? पण त्यांच्या हिशोबात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्या दोन्ही त्यांना रोज उचलायच्या होत्या. त्याच सुमारास त्यांची बीपीची गोळी एकाची दोन झाली.

तानाजीला निकालानंतर पुण्याच्या तुरुंगात हलवलं होतं. वकीलबाईंकडून निरोप आला की त्याला फोटोग्राफरला भेटायचंय, त्यानं भेटायला येणाऱ्यांत अण्णांचं नाव दिलंय. अक्कांना हे पसंत नव्हतं. पण त्यांनी चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि सूर्य मावळायच्या आत कुठंतरी बसून खा, एवढंच सांगितलं.

अण्णांना वाटत होतं, तो शिव्या देईल. त्यानं दिल्या नाहीत. जाळीच्या पलीकडून म्हणाला, तुमचा फोटो कोर्टात मोठा करून दाखवला होता, लई साफ होता. मग विचारलं, "माज्या पोरीचा एक काढशीला का?"

तानाजीची मुलगी सोनाली बापाला पकडलं तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिची आई काही दिवसांनी माहेरी निघून गेली आणि तिथल्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं. पोर आज्जीकडं, म्हणजे तानाजीच्या आईकडं राहिली. अण्णा त्या गावात पहिल्यांदा गेले तेव्हा गावातल्यांनी त्यांना घर दाखवलं नाही. त्यांनी दुसऱ्या खेपेला विचारत विचारत शोधलं. आज्जीनं आधी दार लावून घेतलं, मग उघडलं, मग पोरीचं तोंड पदरानं पुसून तिला उंबऱ्यावर उभी केली आणि म्हणाली, त्येला सांगा, पोरगी जेवती.

तेव्हापासून अण्णांचा तो पायंडाच पडला. शाळा सुरू झाली की एक फोटो, दिवाळीत एक, मधे कधी गेले तर आणखी. मग ते फोटो घेऊन पुण्याला. एसटीनं जायचे, तुरुंगाबाहेरच्या गर्दीत बसून राहायचे, कधी भेट व्हायची, कधी काहीतरी अडचण निघून तसेच परत यायचे. आले की माझ्याकडून गुडघ्याला लावायचं मलम घ्यायचे. त्यावरून मला कळायचं की स्वारी पुण्याला जाऊन आली.

एकदा माझ्या बहिणीकडं पुण्याला कार्य होतं म्हणून मी त्यांच्याबरोबरच गेले. तुरुंगाबाहेर बायका-पोरं, पिशव्या, रडणं, डुलक्या काढणं. अण्णा त्यांच्यात एखाद्या नातेवाइकासारखे बसले होते. एका बाईनं विचारलंही, तुमचं कोण आत? अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हाय एकजण." त्या दिवशी भेट झाली. बाहेर आल्यावर ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, तानाजीनं आज वेगळंच मागितलं. त्यानं सांगितलं, अण्णा, पोरीचे आणत जावाच, पर एक लांबचं काय तरी आणा. हितं समदं जवळचंच दिसतंय. माजी नजर चालल्यागत वाटती.

गुडघ्यांची तशी अवस्था असताना अण्णा पन्हाळ्याला गेले. एकदा गेले तर धुकं होतं. परत गेले. तटाच्या कडेला उभं राहून त्यांनी खालच्या मुलखाचे फोटो काढले: उसाची रानं, मधून जाणारा रस्ता, त्यापलीकडं डोंगर, त्याच्या मागं फिकट आणखी एक डोंगर, आणि शेवटी नुसता उजेड. पसंत केलेला त्यांनी मला दाखवला. माणसाचा नसलेला असा अण्णांचा फोटो मी पहिल्यांदाच बघत होते. तानाजीनं म्हणे त्याच्यावर बोट फिरवत फिरवत आपलं गाव शोधलं. ते त्यात नव्हतं, दुसऱ्या बाजूला राहिलं होतं. अण्णांनी त्याला तसं सांगितलं नाही. "बोट एका जागी थांबलं. मी म्हटलं, असंल," ते मला म्हणाले. अण्णा जन्मात एकदाच असं काही बोलले असतील, म्हणून ते माझ्या लक्षात आहे.

हायकोर्टात फाशी कायम झाली. फोटोग्राफर इतक्या वर्षांनी वेगळं सांगतोय, त्यावर भरवसा ठेवता येत नाही, असं म्हटलं गेलं. ते वाचून मला राग आला. अण्णांना आला नाही. ते म्हणाले, त्यांच्या जागी मी असतो तरी माझ्यावर भरवसा ठेवला नसता. त्या दिवशी ते पहिल्यांदा मला म्हातारे दिसले. कात्री हातात होती, समोर पासपोर्टचे फोटो होते, आणि ते कापायचं सोडून नुसते बसले होते.

मी त्यांना एक गोष्ट विचारली, जी विचारायला नको असं मला वाटायचं. तुम्ही कधी त्याला विचारलंत का, खरंच केलंस का म्हणून?

ते म्हणाले, न्हाई. मग सांगितलं, की मागच्या भेटीत तानाजीच हे बोलला होता. तो म्हणाला होता, "अण्णा, समद्यांनी इचारलं, तुमी कधी इचारलं न्हाईसा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, इचारून काय करू? तू न्हाई म्हणशील. एसटीत बसल्यावर मी परत इचार कराय लागीन, खरं बोलला का खोटं. त्यापरीस हे बरं हाय. तू हितं हायस, मी येतोय."

"त्यावर तो?"

"पोरीचा फोटो बघत बसला."

सोनाली मोठी झाली तशी फोटोला यायची बंद झाली. गावात तिला फाशीवाल्याची पोर म्हणायचे. शाळेतल्या पोरी तिच्याशेजारी बसायच्या नाहीत. एकदा अण्णा गेले तर ती दप्तर उचलून पाठ फिरवून चालू लागली. आज्जी हाका मारत राहिली. अण्णांनी पाठमोरीचाच फोटो काढला: दोन वेण्या, खांद्यावरून घसरलेलं दप्तर, पुढं रस्ता. घाबरत घाबरत तो तानाजीला दिला. तानाजी म्हणाला, बाकीचे सगळे फोटो परत नेले तरी चालंल, पण हा मागू नका. चिडली म्हणजे आईवर गेलीय, असंही म्हणाला. अण्णा सांगत होते, इतक्या वर्षांत तो तेवढाच एकदा हसला.

मधल्या काळात अक्का गेल्या. मुलगा बंगलोरला होता, तो अण्णांना तिकडं चला म्हणून मागं लागला. अण्णा गेले नाहीत. दुपार कलली की आता ते स्वतःच घरी जाऊन काहीतरी करून खायचे. स्टुडिओत दिवसाला एखाद-दुसरं गिऱ्हाईक. बाकी वेळ ते दारात खुर्ची टाकून बसायचे. बोळातून जाणारे येणारे हात करायचे, ते मान हलवायचे.

मग दिल्लीचा निकाल आला. फाशी रद्द झाली आणि जन्मठेप राहिली. कोयत्याच्या जागेबद्दल शंका आहे, असं त्या निकालात एका ओळीत आलं. बाकी पुरावा शिक्षेला पुरेसा धरला. म्हणजे जीव घेण्याइतकी खात्री नव्हती आणि सोडण्याइतकीही नव्हती. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा अण्णा माझ्या दुकानातच होते. त्यांचा मोबाइल जुना, आवाज सगळीकडं ऐकू येणारा. बाई रडत होत्या, की हसत होत्या, मला कळलं नाही. अण्णा "बरं" म्हणाले, "उपकार झाले" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मी पेढे आणू का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "कुणाचं त्वांड गोड कराय? जयसिंगरावाचं?"

मग जरा वेळानं माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "दमलो बगा, ताई. त्यो बी दमला असंल."

पुढं काही महिन्यांनी तानाजीला कोल्हापुरातल्याच कळंब्याच्या तुरुंगात आणलं. आता एसटीचा प्रवास नव्हता, रिक्षानं जाता यायचं. पण अण्णांना आता रिक्षात चढायलाही हात द्यावा लागायचा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करा म्हणून मी किती सांगितलं, करू म्हणायचे.

एका सकाळी एक मुलगी स्टुडिओत आली. सलवार-कमीज, कंपनीचा बिल्ला गळ्यात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात नुकती लागली होती. अण्णांनी ओळखलं नाही, डोळ्यांमुळं. तिनं सांगितलं, "मी सोनाली." नंतर ती माझ्याकडं येऊन म्हणाली, अण्णा कळंब्याला कधी जातात, मला पण जायचंय. मी विचारलं, आधी कधी गेली नाहीस ना? ती म्हणाली, न्हाई. आज्जी गेली मागच्या महिन्यात, आता त्यांना घरचं सांगायला कोण न्हाई.

कळंब्याच्या त्या भेटीनंतर महिना-दीड महिन्यातच अण्णा गेले. दुपारी दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मीच पहिल्यांदा बघितलं, पण ते मी आठवत बसत नाही. मुलानं येऊन सगळं नीट केलं, स्टुडिओची जागा आता एका मोबाइलवाल्यानं घेतलीय, तो दिवसभर गाणी लावतो. जयसिंग रक्षाविसर्जनाला आला होता. मागं उभा राहिला आणि कुणाशी न बोलता गेला. तानाजी कळंब्यात आहे. त्यानं ते केलं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

मला अण्णा दिसतात ते मी त्यांना आणि सोनालीला कळंब्याला घेऊन गेले त्या दिवशीचे.

मी माझी गाडी काढली होती. अण्णा पुढं बसले, सोनाली मागं. ती सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होती. तुरुंगाच्या दाराशी आल्यावर ती उतरली आणि तिथंच थांबली. अण्णांनी ओळखपत्र वगैरे सगळं तिच्या हातात दिलं.

"तुमी येत न्हाईसा?" तिनं विचारलं.

"आज तूच जा. मी गेलो की त्यो माज्याशीच बोलत बसंल."

"मी काय बोलू?"

"त्यो बोलंल. तू ऐक."

ती आत गेली. अण्णांना मी हात धरून समोरच्या चहाच्या गाडीजवळच्या बाकावर बसवलं. वर करंजाचं झाड होतं, सावली पातळ होती. चहा नको म्हणाले. चपला काढल्या, पाय एकावर एक ठेवले, जरा वेळ दाराकडं बघत राहिले. मी पाणी आणायला गाडीकडं गेले आणि आले, तर ते झोपले होते. बसल्या जागी, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं बघितलं नव्हतं. रस्त्यावरून ट्रक चालले होते, चहावाला कप विसळत होता, भेटीला आलेल्यांची पोरं बाकाभोवती पळत होती, आणि अण्णांना कशाचाही पत्ता नव्हता.

सोनाली बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चालणं सरळ होतं. मी पुढं झाले आणि विचारलं, भेटले का? तिनं मान हलवली.

"दारातनं आत पाऊल टाकलं तवाच वळाखलं मला," ती म्हणाली. "मला त्यांचं त्वांड आठवत बी नव्हतं. त्यांनी लांबनंच हाक मारली."

मग तिची नजर बाकाकडं गेली. अण्णांना उठवावं म्हणून मी हात पुढं केला. तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "निजू दे त्यांस्नी. मला आज सुट्टी हाय."

ती बाकाशेजारी जमिनीवरच बसली, ओढणी डोक्यावर घेऊन. सावली सरकत होती. थोड्या वेळानं ऊन अण्णांच्या चेहऱ्यापर्यंत आलं, तशी ती उठली आणि त्यांच्या आणि उन्हाच्या मधे उभी राहिली.